बर्फावरील स्की : अरुंद कीं रुंद ?

हिमाच्छादित उतारावर उड्या व लोखंडी कठडे रचून केलेल्या क्रीडांगणास ‘टेरेन पार्क’ म्हणतात. तेथील ‘स्लोपस्टाइल’ हा प्रकार २०१४ सालीं सोची येथें ऑलिंपिकमध्यें प्रथम आला. परदेशीं राहणारीं आपलीं नातवंडें या खेळाकडे वळलीं, म्हणजे वडीलधाऱ्यांस प्रश्न पडतो : स्की कोणती घेऊन द्यावी ?

रुंदी मोजावयाची ती पायाखालच्या भागाची. ८० ते ९० मिलिमीटरची स्की हलकी. टणक बर्फावर ती चटकन् कड बदलते आणि हवेंत गिरकी घेणेंहि सोपें जातें. शंभराच्या आसपासची स्की उडीनंतर टेकतांना अधिक आधार देते व मऊ बर्फांत कमी रुतते. परंतु ती जड व वळण्यास मंद. पार्कमधील बर्फ यंत्रानें दाबलेला असतो. म्हणून तेथेंच खेळणाऱ्या नवशिक्यास अरुंद बरी. सबंध डोंगर हिंडणाऱ्यानें नव्वदीच्या पुढची घ्यावी.

शास्त्रकारांचा अधिकारभेद येथेंहि लागू आहे. मात्र शिरस्त्राण आणि नीट जुळविलेलें बाइंडिंग यांत काटकसर नको. पडतांना स्की वेळेवर सुटली नाहीं, तर गुडघा कायमचा दुखावूं शकतो. तेथें रुंदीचा वाद निरर्थक ठरतो.