सेशन कुठे ठेवायचं?

रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये मोकळा बीएसडी परवाना सोडला आणि ज्यांच्या साइटची सेशन्स त्यात होती, त्यांची झोप उडाली. फ्रेमवर्कमध्ये साठवण बदलायची सोय होतीच. पण सोपी वाट काढून दिली ती रेडिस 7.2.4 च्या कोडवरून निघालेल्या वाल्कीने, कारण त्याचा प्रोटोकॉल तोच होता. फ्रेमवर्कच्या सोयीला हात लावायची गरजच पडली नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्या सोयीत एक खोट आहे. ती समजायला थोडं मागे जाऊ.

1994 ची कुकी, 2000 चं पीएचपी 4 हे सगळं भराभर ओलांडू. मेमकॅश्ड आलं 2003 मध्ये, आणि पुढच्या दहा वर्षांत सेशन कुठे ठेवायचं या प्रश्नावर जितका विचार झाला तितका नंतर झाला नाही. डिसेंबर 2007 मध्ये रेल्स 2.0 ने सेशन थेट कुकीत ठेवायला घेतलं. जँगोने डेटाबेस, फाइल, कॅश आणि 1.4 पासून सही केलेली कुकी असे पर्याय दिले. सेटिंगची एक ओळ बदलली की झालं. कल्पना देखणीच, फक्त तिने सारख्या नावाआड निराळं वागणं झाकलं. पीएचपीची फाइल एक रिक्वेस्ट संपेपर्यंत सेशनला लॉक लावते. पीएचपीच्या रेडिस एक्स्टेन्शनमध्ये ते लॉक आपणहून चालू करावं लागतं. लोहारद्यासारख्या लहान गावात ऑनलाइन अर्ज भरून देणारा दोन गिऱ्हाइकांचे अर्ज दोन टॅबमध्ये उघडतो, तेव्हा एकाचं लिहिणं दुसऱ्याने पुसलं जाऊ शकतं ते इथे. मेमकॅश्डला जागा पुरेना की सेशन मुदतीआधीच जातं. कुकीची चोरलेली प्रत लॉगआउटनंतरही चालू शकते.

साठवण रोज बदलतो कोण, असं विचारणाऱ्यांना 2024 हे उत्तर पुरे. दुसरा आक्षेप जेडब्ल्यूटी टोकनवाल्यांचा: सर्व्हरवर काही ठेवूच नका. 2015 मध्ये त्याचं मानक झालं आणि सेशन जुनाट ठरलं. पण दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवावी लागते, म्हणजे तीच साठवण मागच्या दाराने, आणि तीही प्रत्येकाने आपापली रचलेली. लॉक आहे का, मुदतीआधी जाईल का, रद्द होतं का, हे साठवणीने कोडलाच सांगावं, एवढीच मेमकॅश्डनंतरच्या त्या दशकाची राहिलेली बाकी. जँगोने यातले काही इशारे प्रामाणिकपणे लिहिलेत, पण माहितीपुस्तिकेत. सेटिंगची ओळ बदलताना ती कुणी उघडत नाही.