अक्षरांची रुजुवात

पुण्याच्या पेठांत, प्रकाशकांच्या कचेऱ्यांच्या मागील दालनांत आणि छोट्या मुद्रणालयांच्या माड्यांवर, आजही असे काही संगणक चालू अवस्थेत आढळतात, की ज्यांच्या घडणीला पाव शतक लोटले आहे, ज्यांवरील विंडोज प्रणालीची जबाबदारी तिच्या निर्मात्यांनी केव्हाच सोडली आहे, आणि तरीही ज्यांच्यावाचून मराठी ग्रंथव्यवहारातील एका अख्ख्या कालखंडाची अक्षरे वाचणारे दुसरे कोणी उरलेले नाही. खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपीचा शिरस्ता रूढ झाला, तेव्हापासून ग्रंथनिर्मितीत युनिकोडचा स्वीकार होईपर्यंत जी मराठी पुस्तके, कोश आणि दिवाळी अंक निघाले, त्यांतील फार मोठ्या भागाची अक्षरजुळणी विंडोजवरील पेजमेकरमध्ये, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या साधनांच्या आधाराने झाली. हे दफ्तर राखण्याचे काम किती नाजूक, किती शास्त्रोक्त आणि किती निकडीचे आहे, हे संतवाङ्मयाच्या एका शब्दार्थकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने मला जवळून पाहावयास मिळाले.

या जुन्या फायलींत मराठी मजकूर आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु काटेकोरपणे पाहिले तर त्यांत केवळ आकडे आहेत. त्या काळच्या फाँटमध्ये एका चिन्हास एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा उपलब्ध असत, आणि त्यांतील पहिल्या ३२ नियंत्रणासाठी राखून ठेवलेल्या असत. उरलेल्या जागांवर, जेथे मुळात रोमन अक्षरांची आणि युरोपीय भाषांतील चिन्हांची वसती होती, तेथे आपल्या फाँटकारांनी व्यंजने, अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे बसविली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या सोयीने बसविली. एका प्रचलित मांडणीत ‘म’ हा अधोरेषेच्या जागी, ‘र’ हा रोमन ‘ए’च्या जागी आणि काना हा ‘एम’च्या जागी आहे; म्हणून तो फाँट नसलेल्या यंत्रावर ‘मराठी’ हा शब्द उघडला, की अधोरेषेपासून आरंभ होणारी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी तेवढी दिसते. आकड्यांना अर्थ देणारा फाँट निराळा, त्या फाँटमध्ये टंकलेखन करू देणारे सॉफ्टवेअर निराळे, ते सॉफ्टवेअर ज्या डाँगलशिवाय, म्हणजे संगणकाला जोडावयाच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, चालत नाही तो निराळा, आणि त्या डाँगलला लागणारा पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट तर आजच्या संगणकांवरून नाहीसाच झालेला. यांपैकी एक गोष्ट हरवली, तरी पुस्तकात एक अनुस्वार सुधारणेही दुरापास्त होते.

युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला तिची स्वतंत्र जागा दिली, विंडोज २००० मध्ये ती लिपी प्रणालीचाच भाग म्हणून आली, आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. तथापि पेजमेकरला युनिकोड कधीच उमगले नाही. २००१ साली निघालेली ७.० ही त्याची अखेरची मोठी आवृत्ती ठरली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची रीतसर सोय व्हावयास २०१२ ची सीएस ६ ही आवृत्ती यावी लागली. आणि तीच पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची आवृत्ती होय. दोन युगांमधले हे दार अगदी थोडा काळ उघडे होते आणि त्यातून फार थोड्या ग्रंथांनी पलीकडे पाऊल टाकले.

येथे कोणी विचारील, की छापील प्रत हाताशी असता ही एवढी यातायात कशासाठी. पुस्तक पुन्हा टंकलिखित करून घ्यावे, म्हणजे झाले. या आक्षेपाचा मी मनापासून विचार केला आहे आणि तो मला ग्राह्य वाटत नाही. कोशासारख्या ग्रंथात एकेका नोंदीची मुद्रिते तज्ज्ञांनी वारंवार तपासलेली असतात, आणि नव्याने टंकलेखन करणे म्हणजे ती सारी तपासणी पाण्यात सोडून पहिल्यापासून आरंभ करणे होय. शिवाय आमच्या कोशाचे संपादक पहिली आवृत्ती निघाल्यानंतरही आपल्या हयातीच्या अखेरपर्यंत फाइलमध्ये दुरुस्त्या करीत राहिले होते. त्या कोणत्याही कागदावर उमटलेल्या नव्हत्या. त्यांच्या अभ्यासाचे शेवटचे रूप जुन्या संगणकाच्या एका करड्या पेटीत होते, अन्यत्र कोठेही नव्हते.

ती पेटी ज्यांच्याकडे आम्ही नेली, ते गृहस्थ जुने संगणक जगविण्याचेच काम करतात. प्रकाशकांचे साहाय्यक अधीरतेने वायर जोडू लागले, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. “आत्ता बटण दाबू नका, सर. सुरू झाला तर ठीकच. पण डिस्कचा हा शेवटचा फेरा असला तर काय घ्या?” कित्येक वर्षे बंद असलेल्या संगणकाला प्रथम वीज देण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा, म्हणून त्याआधी त्याची सारी कैफियत ऐकून घ्यावी, हा त्यांचा दंडक आहे आणि तो ते मोडत नाहीत.

पेटी उघडून, मऊ कुंचल्याने धूळ काढून, त्यांनी मदरबोर्डवरील कपॅसिटर एकेक करून दिव्याखाली पाहिले. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत सदोष द्रावाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत मोठ्या संख्येने गेले होते. कालांतराने त्यांच्या माथ्यावरची सपाट पत्री फुगते, कधी फाटून तपकिरी खपली बाहेर येते, आणि मग यंत्र अवचित थांबू लागते. येथे प्रोसेसरशेजारचे काही तसे फुगलेले निघाले. ते त्यांनी डाग वितळवून उपटले आणि तेवढ्याच क्षमतेचे, व्होल्टेज मात्र तेवढेच किंवा अधिक सोसणारे, १०५ अंशांपर्यंत टिकणारे नवे कपॅसिटर, ऋण बाजूची पट्टी न्याहाळून, त्या जागी बसविले. पॉवर सप्लाय वेगळा काढून मीटरवर तपासला. घड्याळाची सीआर २०३२ बॅटरी मेलेली होती, ती बदलली. कारण ती नसली की बायॉस तारीख विसरते, डिस्कची ओळख विसरते, आणि तारखेची शहानिशा करणारी काही सॉफ्टवेअरे तेवढ्यावरून असहकार पुकारतात. रॅमच्या सोनेरी कडा त्यांनी खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. हे सर्व चालू असता ते फारसे बोलत नव्हते, पण प्रत्येक फेरफाराची नोंद वहीत तारीखवार करीत होते.

डिस्कचा प्रकार याहून नाजूक. ती त्यांनी पेटीतून काढून अडॅप्टरने लिनक्स चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला अशा बंदोबस्ताने जोडली, की तिच्यावरून वाचता यावे, परंतु तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाऊ नये. मग डीडीरेस्क्यू या साधनाने तिची नक्कल काढणे सुरू झाले. या साधनाची रीत मला फार शहाणपणाची वाटली. फायलींचा अर्थ लावण्याच्या भरीस न पडता ते डिस्क खंडाखंडाने उचलते. जो भाग निरोगी आहे तो प्रथम भराभर वाचून सुरक्षित करते, जेथे अडखळते तो भाग बाजूला टाकून पुढे जाते, आणि सर्व सोपे हाती आल्यावरच त्या दुखऱ्या जागांकडे परतून, कधी पुढून तर कधी मागून, त्यांतील शक्य तेवढे सोडवून घेते. कोठे काय साधले आणि काय राहिले, याचा तपशील ते वेगळ्या नकाशात लिहून ठेवते; त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथल्या तेथून उचलता येते. मरणोन्मुख डिस्कवर आधी हट्टाने वाईट भाग वाचावयास जावे, तर त्या झटापटीत चांगला भागही गमावला जातो. आमच्या डिस्कवर थोडी क्षते निघाली, परंतु कोशाच्या फायली त्यांतून वाचल्या होत्या.

अस्सल डिस्क कागदात गुंडाळून ठेवण्यात आली आणि तिची नक्कल एका लहान कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरविण्यात आली. हे कार्ड साध्या अडॅप्टरने जुन्या आयडीई केबलला जोडता येते आणि संगणकास ते डिस्कच वाटते. मोठ्या क्षमतेचे साहित्य आज स्वस्त आहे, तेच का वापरू नये, असे मी विचारले. त्यावर कळले, की या यंत्रावरील विंडोज ९८ ला १३७ जीबीपलीकडची डिस्क धडपणे हाताळता येत नाही, ५१२ एमबीहून अधिक रॅम दिली तर ती कित्येकदा सुरूच होत नाही, आणि नवा पेन ड्राइव्ह तर वेगळा ड्रायव्हर दिल्याखेरीज तिला ओळखूच येत नाही. जुन्या यंत्राला त्याच्या बेताचेच साहित्य मानवते. म्हणून हे गृहस्थ भंगारवाल्यांकडून २० आणि ४० जीबीच्या डिस्का, पीएस/२ कळफलक आणि जुन्या पट्टीकेबला आवर्जून घेऊन, तपासून, नावनिशीवार ठेवतात.

डाँगल पॅरलल पोर्टला लावून संगणक सुरू झाला. यूएसबीला जोडून पॅरलल पोर्ट देणारी केबल बाजारात मिळते. पण ती प्रिंटरपुरती. डाँगलची विचारपूस करणारे सॉफ्टवेअर पोर्टच्या ठरावीक पत्त्याशी थेट बोलते आणि तो पत्ता त्या केबलमध्ये नसतो. यूएसबीचा डाँगल असता, तर विंडोज एक्सपी नव्या संगणकातील आभासी यंत्रात बसवून काम भागले असते. अशी तजवीज त्यांनी अनेकांना करून दिली आहे आणि जेथे साधेल तेथे तीच करावी असे त्यांचे मत आहे. सरळ नव्या विंडोजवर जुने सॉफ्टवेअर चढवावे म्हटले, तर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि त्या काळी मुख्य प्रोग्रॅम ३२ बिटांचा असला तरी त्याला बसवून देणारा प्रोग्रॅम पुष्कळदा १६ बिटांचाच असे. म्हणजे आत शिरण्याआधीच दार बंद. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच निघते.

हा संगणक इंटरनेटला जोडावयाचा नाही, याविषयी मात्र कोणतीही सवलत नाही. विंडोज ९८ हून नव्या एक्सपीचीही मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायचा उपद्रव झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून तिच्यासाठीही दुरुस्ती काढली. पण अपवादाच्या भरवशावर दफ्तर ठेवू नये, हे सांगावयास नको. फायली न्यावयाच्या त्या सीडीवर किंवा कार्डावरच नेल्या जातात.

पेजमेकरने फाइल उघडताच एका फाँटचा पत्ता लागत नाही असे कळविले आणि त्याजागी दुसरा सुचविला. अशा वेळी होकार देण्याचा मोह आवरावा लागतो. कारण एकाच नावाच्या फाँटच्या दोन आवृत्त्यांतही अक्षरांच्या रुंदीत बारीक फरक असतो, त्याने ओळी सरकतात, ओळींनी पाने सरकतात, आणि कोशाच्या सूचीतील पृष्ठांक पाहता पाहता खोटे ठरतात. मूळ फाँट जुन्या सीडीत सापडला, तोच बसविला, आणि मग सर्व पाने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरमार्फत कागदाऐवजी फाइलमध्ये छापून, नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्टने त्यांची पीडीएफ करण्यात आली. या पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार जसेच्या तसे कोंदलेले असतात. ती हाताशी आल्यावर माझे, म्हणजे मजकूर ताडून पाहण्याचे, काम सुरू झाले.

मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, ते उपयुक्त आहेत, आणि त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवणे हा ग्रंथकर्त्यावर अन्याय आहे. जुन्या फायलींत चिन्हे लिहिण्याच्या क्रमाने येतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षर पुरे झाल्यावर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा असल्याने वेलांटी मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. आणि तो नेमका किती पुढे, हे ठरविताना प्रोग्रॅम जोडाक्षराच्या मध्येच थांबला, की ‘सामर्थ्य’चे ‘सामथ्र्य’ होते. हा दोष निदान डोळ्यांना खुपतो. खरी कसोटी लागते ती ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ अशा जोड्यांत. तेथे रफार आणि अर्धा र यांची अदलाबदल झाली, तरी शब्द शुद्धच दिसतो आणि अर्थ मात्र पाठशाळेतून मुदपाकखान्यात जातो. शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्रॅम असली चूक धरू शकत नाही. ती धरावयाची असेल तर एकाने पीडीएफवरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने रूपांतरित मजकूर पाहावा, ही दफ्तरखान्यातील जुनी रुजुवातीची पद्धतच अवलंबावी लागते. आणि जेथे पीडीएफमधील अक्षर तुटक किंवा संदिग्ध दिसेल, तेथे उठून त्या जुन्या पडद्यावर, मूळ फाँटमध्ये, तो शब्द मोठा करून पाहावा लागतो. जुना संगणक केवळ मजकूर काढून घेण्यापुरता जगवावा आणि मग टाकून द्यावा, हे मत मी या कामात शिरण्यापूर्वी अनेकांकडून ऐकले होते. माझ्या मते तो अस्सल दस्तऐवजाचा हयात साक्षीदार आहे, आणि वाद उपस्थित झाला की त्याचीच जबानी घ्यावी लागते.

कोशाचा पूर्वार्ध अशा रीतीने नक्कलबरहुकूम ठरला आहे आणि संपादकांच्या अखेरच्या दुरुस्त्या त्यात आल्या आहेत. त्या गृहस्थांनी प्रकाशकांकडून एक तक्ता भरून घेतला: फाइलचे नाव, फाँटचे नाव व आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डाँगलवरील क्रमांक, आणि हे सर्व ज्यांना ठाऊक होते त्या डीटीपी करणाऱ्या बाईंची सही. बाई आता निवृत्त आहेत. परंतु कोणत्या प्रकरणात कोणता फाँट आणि का बदलला, हे त्यांना अजून मुखोद्गत आहे, आणि तेवढ्यासाठी त्या मुद्दाम येऊन बसल्या. उत्तरार्धाच्या काही फायली १.४४ एमबीच्या फ्लॉपींवर विभागून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील काहींवर बुरशी धरली आहे. त्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी कव्हर उघडून आतील चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागेल, एरव्ही बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागून पुढची फ्लॉपीही खराब होते. म्हणून त्या गृहस्थांनी स्वच्छ फ्लॉपींसाठी एक आणि या रोगट फ्लॉपींसाठी दुसरा, असे दोन ड्राइव्ह निरनिराळे ठेवले आहेत, आणि बाईंनी चिठ्ठ्यांवरील अक्षर ओळखून त्यांचा क्रम लावण्यास आरंभ केला आहे.