राखणीच्या कुत्र्याचे अन्न व त्याचे पचन

शेताची राखण असो वा मेंढरांचा कळप असो, कुत्र्यावाचून शेतकऱ्याचे चालत नाही. बैलाच्या वैरणीचा व गाईच्या पेंडीचा हिशेब आपण ठेवतो. कुत्र्याला मात्र उरलेसुरले घातले की झाले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. गेल्या हिवाळ्यात एका वाडीवर राखणीचे कुत्रे अगदी हडकलेले दिसले. “दोन वेळा पोटभर घालतो, पण अंगी लागत नाही,” असे मालकाचे म्हणणे पडले. चौकशीअंती कळले की, ज्वारीचे पीठ नुसते पाण्यात कालवून त्यास देत असत. विष्ठा पातळ व आंबूस वासाची होती.

कुत्रा मूळचा मांसाहारी, म्हणून धान्य त्यास पचतच नाही, असे काही जण सांगतात. ते खरे नव्हे. पिष्टमय पदार्थ पचविणारा रस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मात्र हा रस कुत्र्याच्या लाळेत जवळजवळ नसतो. तो स्वादुपिंडातून लहान आतड्यात उतरतो. शिवाय कुत्रा चावण्यापेक्षा गिळतोच अधिक. म्हणून पचनाचे निम्मे काम चुलीवरच व्हावे लागते. भरपूर पाण्यात शिजविले असता पिठातील कण फुगून फुटतात व पाचक रसास वाट मिळते. कच्चे पीठ बरेचसे न पचताच मोठ्या आतड्यात जाते, तेथे सूक्ष्म जंतू ते आंबवितात, आणि गुबारा व हगवण लागते.

यास्तव भरडा घट्ट कण्यांसारखा मऊ शिजवावा. भाकरी भाजलेली असते, तेव्हा ती चालते. पण केवळ भाकरीवर कुत्र्याचे भागत नाही, अंडे वा मांसाची जोड हवी. सोयाबीन कच्चे कधीही देऊ नये. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन अडविते व शिजविल्यावरच त्याचा जोर ओसरतो. थोडा शिजलेला लाल भोपळा हितकारक होय, कारण त्यातील तंतूंवर मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतू पोसले जातात व त्यांनी तयार केलेली आम्ले आतड्याच्या अस्तरास पोषक ठरतात.

बाजारात मिळणारे कोरडे दाणेदार खाद्यही याच तत्त्वावर तयार होते. ओलसर मिश्रण वाफ व दाब देऊन यंत्रात थोडाच वेळ शिजवितात. छिद्रातून बाहेर पडताच दाब सुटून ते कुरमुऱ्यासारखे फुलते. पिष्ट त्यामुळे चांगले शिजते. उष्णता फाजील झाल्यास मात्र लायसिन या प्रथिनघटकाचा काही भाग शरीरास लागू पडत नाही. पिशवी उघडी राहून ओल लागली तर बुरशी धरते. बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. बुरसलेला मका, शेंगदाण्याची पेंड किंवा भाकरी कुत्र्यास घालणे म्हणजे त्याचे यकृत नासविणे होय.

सर्वांत गंभीर चूक शेळ्या-मेंढ्या कापतात तेथे घडते. पाण्याने भरलेल्या गाठी असलेले यकृत व फुप्फुस कच्चेच कुत्र्यापुढे टाकतात. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात. कुत्रा वरवर धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतील अंडी चाऱ्यावर, पाण्यात व अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर जातात आणि जनावरांच्या व माणसांच्याही यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी धरतात. असे अवयव जाळावे किंवा कुत्र्यास पोचणार नाहीत इतके खोल पुरावे. इतर मांसही पुरते शिजवूनच द्यावे, हाडे मात्र काढून. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यास भोक पाडतात. कुत्र्यास जंताचे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित द्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट धनगरवाड्यांवर अवश्य समजावून सांगावी.

अन्नात बदल एकदम करू नये. आठवडाभर जुन्यात नवे वाढवीत न्यावे. वर सांगितलेल्या वाडीवर तसेच केले. दहाव्या दिवशी विष्ठा बांधून येऊ लागली.