व्यायाम आणि न्याहारी

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. त्यांचे बालपणही याच गावी गेले. मूळची त्यांची प्रकृती नाजूक होती. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकावयास गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष मुख्यत्वेकरून शरीर कमावण्यात घालविले. कुस्ती व पोहणे यांबरोबरच आहाराकडेही त्यांनी लक्ष पुरविले. त्या वर्षी अभ्यास मागे पडला खरा. परंतु कमावलेले शरीर पुढील कष्टमय आयुष्यात त्यांच्या उपयोगी पडले.

व्यायाम करावा हे सर्वांस ठाऊक असते. तो कोणत्या पोटी करावा याचा विचार मात्र थोडेच करतात. काही मुले जेवणाच्या पाटावरून उठतात ती थेट कबड्डीच्या मैदानावर जातात. थोड्याच वेळात त्यांच्या कुशीत कळ येते. दुसरी काही मुले पहाटे उठून पाण्याचा घोटही न घेता भाट्याच्या वाळूत तासभर धावतात आणि भोवळ येऊन मटकन खाली बसतात. व्यायाम आपल्याला मानवत नाही, अशी दोघांचीही समजूत होते व ती तो सोडून देतात. वास्तविक दोष व्यायामाचा नसून न्याहारीचा असतो.

असे का होते? जेवणानंतर अन्न पचविण्यासाठी जठर व आतडी यांकडे अधिक रक्त वाहू लागते. त्याच वेळी धावू लागल्यास स्नायूही रक्ताची मागणी करतात. मग पचन मंदावते, पोट जड होते व मळमळते. उलटपक्षी, रात्रभर उपाशी राहिल्याने यकृतातील साखरेचा साठा बराच कमी झालेला असतो. मोठ्या माणसाच्या यकृतातही हा साठा सुमारे १०० ग्रॅमच असतो. मेंदूला लागणारी साखर रात्री त्यातूनच पुरविली जाते. म्हणून उपाशीपोटी दीर्घ श्रम केल्यास हातपाय गळून जातात.

यावर उपाय सोपा आहे. पोटभर जेवण झाल्यावर दोन ते तीन तास जाऊ द्यावेत. हलकी न्याहारी एक तास आधी करावी. वेळ थोडा असेल तर एखादे केळे पुरे. दहा-बारा सूर्यनमस्कार घालावयाचे असतील तर पेलाभर पाणीही पुरते. तळलेले पदार्थ, खोबऱ्याचे वाटप घातलेली कालवणे व मिठाई मात्र व्यायामापूर्वी टाळावी. कारण स्निग्ध पदार्थ पोटात फार वेळ राहतात.

न्याहारीसाठी महागड्या डब्यांतील पूड आणावयास नको. कोकणातील शेतकरी पेज पिऊन नांगर धरीत व भातलावणीस उतरत. तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून, चवीपुरते मीठ घातले की पेज तयार होते. तिच्यातील पिष्ट लवकर पचून शक्ती देते, आणि तिच्यातून पाणीही पोटात जाते. नाचणीची आंबीलही तशीच उपयुक्त आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. वाढत्या वयातील हाडांना तो हवाच असतो. असे असूनही गरिबाचे अन्न म्हणून काही जण पेज-आंबिलीस नाके मुरडतात. स्वस्त ते हलके, हा मोठाच गैरसमज होय.

रत्नागिरीच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे अंग थंड होत नाही व घाम अधिकच सुटतो. म्हणून व्यायामापूर्वी पाणी प्यावे, मध्ये दोन-दोन घोट घ्यावेत आणि नंतर चिमूटभर मीठ घातलेले कोकमाचे सरबत घ्यावे. ज्यांना मधुमेहासारखा विकार आहे, त्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्याने वागावे.

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण व्यायामालाही लागू पडते. मात्र पोटोबाची पूजा बेताची व वेळेवर हवी. वाटीभर पेज आणि तासाभराचा धीर एवढे साधले, तर अशक्त मुलालाही मैदान सोडून जाण्याचे कारण उरणार नाही.