पाण्याची शीळ

चहाचें आधण उकळण्यापूर्वी भांडें गुणगुणूं लागतें. तळाशीं उठलेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यांत शिरतांच मिटतात. त्या मिटण्याचाच तो आवाज.

समुद्रांत हीच क्रिया उष्णतेवांचून घडते. पाण्याचा वेग फार वाढला कीं दाब उतरतो आणि थंड पाण्यालाही बुडबुडे फुटतात. पुढें दाब वाढतांच ते कोसळतात व जवळची धातु कोरून काढतात. १८९४ सालीं इंग्लंडांत पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ नौकेचा पंखा या बुडबुड्यांमुळेंच पाणी नीट रेटूं शकेना. कोसळत्या पोकळींतील दाबाचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडलें.

मग या शत्रूकडूनच काम कां घेऊं नये? नळींतून जोराचा झोत पाण्यांत सोडला असतां त्याच्या कडेनें भोंवऱ्यांचीं कडीं सुटतात. त्यांची लय व नळींतील पाण्याचा स्वाभाविक कंप यांचा मेळ बसविला, कीं बासरीप्रमाणें दोन्ही एकमेकांस बळ देतात. कडीं नेमक्या अंतरानें सुटतात, त्यांत बुडबुडे भरतात, आणि ते एकदम कोसळून तालबद्ध नाद उमटतो. खोलीवर मात्र बाहेरचा दाब वाढत असल्यानें झोतही अधिक जोराचा लागतो.

पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर जातो. प्रकाश जेथें लवकर विरतो, तेथें समुद्रतळ चाचपण्यास ध्वनीच हवा. पूर्वी त्यासाठीं सुरुंग उडवीत व मासे मरत. या शिळेस दारू लागत नाहीं. परंतु देवमाशांचा व्यवहारही ध्वनीवरच चालतो. म्हणून ती कोठें व किती घालावी, हा विवेक माणसानेंच राखला पाहिजे.