मनगटावरचे सोळा कप्पे

स्कूबा डायव्हिंगच्या संगणकाचा सगळा हिशेब दोनच मोजमापांवर उभा असतो: पाण्याचा दाब आणि वेळ. तुमच्या रक्तात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तरीही तो छातीठोकपणे सांगतो की या खोलीवर आणखी बारा मिनिटं. त्यापुढे राहिलात तर सरळ वर येता येणार नाही, वाटेत थांबावं लागेल.

कसं कळतं त्याला? कळत नाहीच. तो कल्पना करतो.

दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. कधी सांधे दुखतात, कधी लकवा भरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली शरीराची पाच काल्पनिक कप्प्यांत वाटणी केली: काही पटकन भरणारे, काही रेंगाळत. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमन या डॉक्टरांनी कप्पे सोळांवर नेले. त्यांच्या गणितात पहिला कप्पा अर्धा भरायला ४ मिनिटं लागतात आणि शेवटचा अर्धा भरायला ६३५! आजच्या बऱ्याच संगणकांत हेच गणित, नाहीतर त्याचं एखादं भावंड चालू असतं. दर काही सेकंदांनी सोळाही कप्प्यांची नोंद, तीही मनगटावर.

मात्र दाब आणि वेळ सोडून बाकीचं त्याला आपण सांगावं लागतं. सेटिंग्ज म्हणजे तेच.

पहिला प्रश्न, टाकीत काय आहे? साधी हवा असेल तर ऑक्सिजन २१ टक्के. नायट्रॉक्स असेल तर तो जास्त, समजा ३२. टाकीला मीटर लावून आकडा तपासायचा, टाकीवरच्या पट्टीवर लिहायचा आणि तोच संगणकात भरायचा. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची मर्यादा सहसा १.४ बार ठेवतात. त्या हिशेबाने ३२ टक्क्यांच्या टाकीची हद्द ३३ मीटरच्या आसपास संपते. त्याखाली ऑक्सिजनच विषासारखा वागू लागतो आणि पाण्याखाली झटके येऊ शकतात. टाकीत ३२ आणि संगणकात २१ राहिलं, तर तो या हद्दीवर गप्प बसेल. उलट टाकीत हवा आणि संगणकात ३२ असेल, तर तो नायट्रोजन कमी मोजेल. चूक एकाच आकड्याची, पण दोन अगदी वेगळ्या धोक्यांकडे नेणारी.

यावर काही संगणकांनी काढलेली तोड मला फार आवडते. नायट्रॉक्सच्या डाइव्हनंतर नवा आकडा भरायला विसरलात, तर ते ऑक्सिजनच्या हिशेबासाठी ५० टक्के ऑक्सिजन धरतात आणि नायट्रोजनच्या हिशेबासाठी ७९ टक्के नायट्रोजन. बेरीज १२९ टक्के. असा वायू जगात असू शकत नाही, पण तुम्ही कोणत्याही बाजूने चुकला असलात तरी तो तुम्हाला लवकर वर पाठवतो.

खारं पाणी की गोडं, हे सेटिंग त्यामानाने निरुपद्रवी. दाब तोच राहतो, फक्त मीटरमधला आकडा तीनेक टक्क्यांनी सरकतो.

उंचीचं तसं नाही. टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब ०.६३ बारच्या घरात. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे तेवढ्यानेच अडीचपटीच्या वर जातो. शिवाय खालून गाडीने तिथवर पोचलेला माणूस पाण्यात पाय घालण्याआधीच जादा नायट्रोजन बाळगून असतो. समुद्र नसलेल्या, पण डोंगरी सरोवरांनी भरलेल्या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरला हा प्रश्न छळणारच! ब्यूलमन यांच्या गणितात उंची म्हणूनच मुळापासून आहे.

राहिलं सावधपणाचं सेटिंग. ब्यूलमन यांनी प्रत्येक कप्प्याला जादा दाबाची एक कमाल हद्द घालून दिली. त्या हद्दीच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं, ते काही संगणकांत आपण ठरवतो. ३०/७० या जोडीचा अर्थ असा: गरज पडली तर पहिला थांबा हद्दीच्या ३० टक्क्यांवर घ्या आणि पृष्ठभागावर येताना ७० टक्क्यांच्या आत असा. वय, थकवा, थंडी, आदल्या रात्रीची पार्टी यांतलं काहीच यंत्राला ठाऊक नसतं; ते इथे आपणच मिळवायचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्याने दुरुस्त होत नाही. संगणक डाइव्हमधल्या विश्रांतीतही मोजत राहतो. म्हणून सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर गेलेला संगणक दुपारी तुम्ही बांधलात, तर त्यात त्या माणसाचा नायट्रोजन असतो, तुमचा नव्हे. भाड्याने संगणक देणाऱ्यांसाठी काही मॉडेलमध्ये सगळे कप्पे शून्यावर आणायची सोय असते. ती स्वतःच्या दोन डाइव्हच्या मध्ये वापरली, की संगणक तुम्हाला कधीच पाण्यात न उतरलेला माणूस समजून पुढचं गणित मांडतो.