काल काय काय खाल्लं, वहिनी?

चहा-पाणी उरकलं असेल, जनावरांचं झालं असेल, तर जरा बसा. आज एका पत्राबद्दल बोलायचंय.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवणाऱ्या बाई आणि त्यांच्या विद्यार्थिनी आपल्याकडे येणार आहेत. तिशीच्या पुढच्या बायका रोज काय खातात, किती खातात ते विचारणार, थोडं रक्त तपासणार आणि त्यानंतर सहा महिने आहाराचा सल्ला देणार. पत्र संपायच्या आत मागून एक काकू म्हणाल्या, "आम्ही काय खातो ते इचारायला येत्यात, खायला काय आणणार ते इचार की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण हसून झाल्यावर एकीनं विचारलं, "ताई, मागच्या वेळेसारखं तर नाही ना होणार?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मागची वेळ म्हणजे चार वर्षांपूर्वीची. असंच एक पथक आलं होतं. शाळेच्या वर्गात बायकांना बसवलं, कागद पुढे केले. मी समन्वयक, घाईत होते, तीन गटांची कर्जफेड त्याच दिवशी बँकेत भरायची होती. मी म्हणाले, "करून टाका गं सह्या, आपल्या भल्याचंच आहे." रक्त घेतलं, बिस्किटाचा पुडा दिला, गाडी गेली. रिपोर्ट काही आले नाहीत. त्यातल्या एका वहिनी पुढे कांदा काढताना रानात चक्कर येऊन पडल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं तर हिमोग्लोबिन सात. म्हणजे रक्त घेतलं तेव्हाही ते कमी असणारच, कुठल्या तरी वहीत लिहिलेलंही असणार, फक्त त्या वहिनींना कुणी सांगितलं नाही. पथकाची चूक होतीच. पण सह्या करा म्हणणारी मी होते, आणि कागदावर काय लिहिलंय ते मीही वाचलं नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी, मला वाचता येत होतं.

तर या वेळी आधी समजून घेऊ, मग ठरवू.

पहिला प्रश्न, यांना आपलं ताट कशाला बघायचंय? आमच्या शेजारच्या मामींना साखरेचा आजार निघाला. शहरात दाखवलं, तिथून आहाराचा कागद मिळाला. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि सॅलड, संध्याकाळी सफरचंद, रात्री पनीर. मामींनी तो कागद दाराच्या मागं खिळ्याला लावला, अजून तिथंच आहे. मामींच्या घरी दोन्ही वेळा बाजरी नाहीतर ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, ठेचा. कागद लिहिणाऱ्या बाईंना मामींची भाकरी किती मोठी ते माहीत नव्हतं. मामी सकाळी सातला रानात जातात आणि पहिलं जेवण अकराला बांधावर होतं, हेही माहीत नव्हतं. कुणी विचारून लिहून ठेवलं असतं, तर त्या कागदावर भाकरी आली असती, घोळाची भाजी आली असती, कूट किती घालावं ते आलं असतं. आहारतज्ज्ञांचं शास्त्र अशा लिहून ठेवलेल्या ताटांवरच पुढं जातं. आपली ताटं त्यात नसतील तर सल्ला दुसऱ्यांच्या ताटांवरून येणार.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं उदाहरण आहे. 1993 च्या सुमारास पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शहराजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बायका. जवळजवळ आठशे गरोदरपणांची नोंद झाली. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्यांना विचारलं, काय खाता, किती खाता, दिवसभर काम काय करता. बाळ झालं की वजन केलं. सरासरी भरली साधारण पावणेतीन किलोच्या आत.

तोवर सगळे म्हणायचे, गरोदर बाईला जास्त खायला घाला, पोटभर घाला. या अभ्यासात निघालं वेगळंच. एकूण किती खाल्लं याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या बायका अठराव्या आठवड्याच्या सुमारास दूध घेत होत्या आणि अठ्ठाविसाव्याच्या सुमारास पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. मेथी, शेपू, तांदुळजा, बांधावरचीच भाजी! आणि दुसरं, ज्या बायकांना पाणी भरणं, धुणं, शेतकाम अशी कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं लहान. हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं म्हणा, पण सासूबाईंना सांगायला आणि सरकारदरबारी मांडायला आकडा लागतो. तो आकडा या बायकांनी दिला.

तो अभ्यास तिथंच थांबला नाही. त्या बाळांना पुढं वर्षानुवर्षं तपासत राहिले. आपली बाळं वजनानं लहान असतात, अंगावर मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून असते, आणि पुढं साखरेच्या आजाराचा धोका वाढतो, हे त्यातून पुढं आलं. आयांमध्ये बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता खूप असल्याचं कळलं. 2012 पासून त्याच घरांतल्या मोठ्या झालेल्या मुलामुलींना बी-12 च्या गोळ्या देऊन बघण्याचा प्रयोग झाला, म्हणजे पुढच्या पिढीला फायदा होतो का ते बघायला. विचार करा, ज्या बाईनं 1994 मध्ये ओट्यावर बसून "काल शेपू केला होता" एवढं खरं सांगितलं, तिचं बोलणं कुठवर गेलं.

आता त्या मुली येतील तेव्हा विचारतात कसं ते सांगते, कारण इथंच आपण घोटाळा करतो. त्या विचारतील, काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय पोटात गेलं? आधी सगळं बोलून टाकायचं. मग त्या परत मागं जातील, वेळ विचारतील. मग विसरलेलं काढतील: चहा किती वेळा, त्यात साखर किती, रानात खाल्लेले मूठभर शेंगदाणे, पोराच्या ताटातलं उरलेलं, तव्यावरची शेवटची करपकी भाकरी. हे सगळं खाणंच आहे, बायांनो. आपण त्याला खाणं म्हणत नाही.

नंतर माप. त्यांच्याकडे ठरावीक आकाराच्या वाट्या नि चमचे असतात. आमटीचं गणित मला फार आवडलं. नुसतं "एक वाटी आमटी" लिहून भागत नाही. त्या विचारतात, डाळ किती घातली? समजा दोन वाट्या. शिजून आमटी किती झाली? बारा वाट्या. तुमच्या ताटात किती आली? एक. म्हणजे तुमच्या पोटात डाळ गेली वाटीचा सहावा भाग. मी हे माझ्या घरी करून बघितलं आणि गप्पच बसले. मला वाटत होतं मी रोज डाळ खाते.

मग ते माप घेऊन त्या पुस्तकात बघतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये देशभरातले 528 पदार्थ तपासून कशात किती लोह, किती प्रथिनं, ते छापलंय. पदार्थाचे गुण पुस्तकात आहेत. तुम्ही किती खाल्लं, ते मात्र तुम्हीच सांगू शकता.

म्हणून खोटं सांगू नका. मागच्या वेळी मी शेजारी उभी होते. एक वहिनी म्हणाल्या, दोन अंडी खाल्ली, दूध प्याले. मला माहीत होतं त्या दिवशी त्यांच्या घरी चटणी-भाकरीच होती. लाज वाटली त्यांना. मी समजू शकते, परक्या बाईसमोर गरिबी कोण उघडी करतं? पण अशा दहा जणींनी अंडी-दूध सांगितलं की कागदावर गाव खात्यापित्याचं होतं, आणि मग औषध चुकतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील आणि बोलायला अवघड वाटत असेल, तर मुलींना खुशाल सांगा, जरा परसात येऊन बोलू. एकादशी किंवा बाजाराचा दिवस असेल तर तेही सांगा. म्हणूनच त्या दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी येतात.

आता सहीचं. माणसांवर होणाऱ्या कुठल्याही अभ्यासाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तसे नियम आहेत, 2017 मध्ये ते नव्यानं काढले. त्या नियमांनी तुम्हाला आपल्या भाषेतलं माहितीपत्रक मिळायला हवं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला हवं, आणि अंगठा घेताना त्यांच्या पथकाबाहेरचा साक्षीदार हवा. या वेळी साक्षीदार म्हणून मी बसेन, पण प्रत्येकीला वाचून झाल्याशिवाय बसणार नाही. कागदाची एक प्रत घरी न्यायची, त्यावर शंका विचारायला फोन नंबर असतो. रक्त कशासाठी घेणार, किती घेणार, आणि रिपोर्ट कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात देणार, हे सहीच्या आधी विचारायचं. कमी निघालं तर पुढं कुठं पाठवणार, हेही. नाही म्हणायची मुभा आहे. अर्ध्यातून सोडायचीही आहे, आणि त्यावरून कुणाचं रेशन, कर्ज की गटातलं नाव जात नाही. हे मी समन्वयक म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर भांडणं होतील. सल्ला सगळ्यांना एकदम मिळणार नाही. चिठ्ठ्या टाकतात, भिशीसारख्या. अर्ध्या जणींना आता सल्ला, उरलेल्यांना सहा महिन्यांनी. दोन्हीकडचं रक्त तपासून बघितल्याशिवाय फरक सल्ल्यानं पडला की हंगामानं, कसं कळणार? हिवाळ्यात पालेभाजी स्वस्त होते, सगळ्यांचंच ताट हिरवं होतं. त्यामुळे चिठ्ठीत नाव नाही आलं म्हणून रुसायचं नाही, आणि ज्यांचं आलं त्यांनी शेजारणीला गुपचूप सगळं सांगून टाकायचं नाही. हे आपल्याला जड जाणार, मला माहीत आहे. पण ज्यांचं हिमोग्लोबिन फारच कमी निघेल त्यांना थांबवून ठेवायचं नाही, त्यांना लगेच आरोग्य केंद्रात पाठवायचं, हे मी त्या बाईंकडून लिहून घेतलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. आपल्या खोलीत वीस जणी बसल्या तर दहा-अकरा जणी.

चार वर्षांपूर्वी रानात पडल्या होत्या त्या वहिनींना मी परवा विचारलं, तुम्ही येणार का? लोहाच्या गोळ्या घेऊन आता त्या बऱ्या आहेत, जेवणावर लगेच चहा घेणं बंद केलंय, भाजीवर लिंबू पिळतात. त्या म्हणाल्या, "येते, पण रिपोर्टची तारीख कागदावर लिहून दिली तरच." मी तेच त्या कॉलेजच्या बाईंना फोनवर कळवलं. त्यांनी नव्या माहितीपत्रकात तारखेची ओळ घातली आहे.

येत्या बुधवारी दुपारी तीनला समाजमंदिरात माहितीपत्रक वाचून दाखवणार आहोत. त्या दिवशी सही नाही, फक्त ऐकायचं आणि विचारायचं. ज्यांना सासूबाईंना, नवऱ्याला आणायचं असेल त्यांनी आणा. आणि येताना घरातली रोजची वाटी घेऊन या. कुणाची किती मोठी, ते एकदा मोजूनच बघू.